किन्हीराजा ते कारंजा, एका घडीच्या चाकूपायी

सकाळी नऊच्या सुमारास मी किन्हीराजाच्या थांब्यावर उभा होतो. अंगात बंडी, वर सदरा, त्याच्यावर पोराने दिलेलं स्वेटर, आणि खिसा रिकामा. रिकामा म्हणजे भाडं होतं, रुमाल होता, चुन्याची डबी होती. चाकू नव्हता. ज्याच्या खिशात उभा जन्म चाकू राहिला त्याचा हात त्या जागी गेला की कसं होतं, ते दात पडलेल्या माणसाला विचारा. जीभ सारखी तिथंच जाते.

माझं शिक्षण दुसरीपर्यंत. तिसरीत गुरुजींनी हात पुढे कर म्हटलं, मी केला नाही, तिथं शाळा संपली. तेव्हा या लिहिण्यात कुठं काना-मात्रा राहिली असेल तर वाचणाऱ्याने लावून घ्यावी. पण चाकूबद्दल जे लिहिलं आहे त्यात कोणी दुरुस्ती करू नये.

माझा जुना चाकू गेल्या महिन्यात मोडला. रंगाच्या डब्याचं झाकण उघडत होतो, टोक तटकन तुटलं. चाकूने डबा उघडायचा नसतो हे मी सगळ्या गावाला सांगत आलो, आणि मीच उघडला. चूक माझी आहे. घरात मात्र मी सांगितलं की डबाच खराब होता.

तरीही मी चार-आठ दिवस असेच काढले असते. पण कारंज्याहून पुंडलिकचा फोन आला. पुंडलिक म्हणजे माझा जुना मित्र, जातीचा माळी. गावाबाहेर त्याचा भाजीपाल्याचा मळा आहे. तरुणपणी मी त्याच्या बापाकडे मजुरीला होतो आणि तिथंच संत्र्याचे डोळे भरायला शिकलो. डोळा भरणे म्हणजे चांगल्या झाडाच्या फांदीवरचा कोंब सालीसकट अलगद काढायचा आणि खुंटाच्या (जंगली रोपाच्या) सालीखाली बसवायचा. खाली मूळ एकाचं, वर झाड दुसऱ्याचं. मी आयुष्यात पहिला डोळा भरला तो पुंडलिकच्या विहिरीजवळ. त्याचं झाड झालं. संत्र्याचं झाड एवढं टिकत नाही, पण ते पन्नास वर्षं टिकलं. पातळ सालीचं, कमी बियांचं, तोंडात टाकलं की नुसता रस.

"शाम्या, झाड चाललं बे," पुंडलिक फोनवर म्हणाला. "बुडाले डिंक सुटला. अर्धं वायलं (वाळलं). दोन-तीन फांद्या जित्या हायेत. डोये भरून दे."

"गेल्या साली तूच भरले होते नं?"

"बारा भरले. बाराही वायले. झाडाच्याच मनात नाही म्हणतात लोक."

"लोकाईले काय समजते? मी येतो."

येतो म्हणून बसलो, आणि चाकू नव्हता. दुसऱ्याच्या चाकूने मी डोळा भरत नाही. ती माझी अट आहे, ती का आहे ते मला विचारू नका.

आधी आमच्या तालुक्याच्या मालेगावला गेलो, कारण ते जवळ पडतं. वाटेत दोन्ही बाजूंना तूर पिवळी पडली होती. कुठं कपाशी वेचणाऱ्या बाया वाकलेल्या, कुठं हरभऱ्याची हिरवी चादर. थंडी अशी की खिडकीची काच बंद करावी. पण आमच्या एसटीची काच एकदा वर गेली की खाली येत नाही आणि खाली आली की वर जात नाही. ही खाली आलेली होती.

मालेगावात पहिलं दुकान भांड्यांचं. पोरसवदा मालकाने प्लास्टिकच्या मुठीच्या सुऱ्या पुढे टाकल्या, लाल-हिरव्या, टिकल्या लावल्यासारख्या.

"घडीचा पायजे," मी म्हटलं. "मिटला म्हणजे खिशात जाईल असा."

"बाबा, आता कोण खिशात चाकू ठेवते? काहून पायजे?"

"तुह्या खिशात काय आहे?"

"मोबाईल."

"त्यानं पेरू कापून दाखव."

पोरगा हसला, पण चाकू त्याच्याकडे नव्हताच. दुसऱ्या दुकानात किल्लीला अडकवायचा एक चाकू निघाला. बोटाच्या पेराएवढा, त्यालाच कात्री, त्यालाच नखं घासायची पट्टी, त्यालाच बाटली उघडायचं. जो माणूस सगळी कामं करतो म्हणतो तो कोणतंच नीट करत नाही, चाकूचंही तसंच. तिसऱ्या दुकानात चकचकीत पात्याचा होता. मी नखावर पातं टेकवून पाहिलं, घसरलं. चांगल्या धारेने नखाला धरलं पाहिजे. मी परत केला.

"बाबा, हा तं महागाचा आहे," दुकानदार म्हणाला.

"म्हणूनच नको. महागाचा चाकू माणसाले सांभाळा लागते. स्वस्ताचा चाकू माणसाले सांभाळते."

तो म्हणाला, "मंग कारंज्याले जा. जुन्या वेशीजवळ एक चाचा आहे, त्याच्याजवळ अजून जुना माल भेटते."

कारंज्याला तर मला जायचंच होतं. तेव्हाच्या तेव्हा गाडी पकडली. आता अडचण अशी की मालेगावहून कारंज्याला जाणारी गाडी आमच्या किन्हीराजावरूनच जाते. आणि घरी मी फक्त मालेगाव सांगितलं होतं. पुंडलिककडे जातो म्हटलं असतं तर बुढीने (बायकोने) औषधाच्या गोळ्या, मफलर, आणि सोबत कोणीतरी, असं सगळं लावून दिलं असतं.

किन्हीराजा जवळ आलं तसा मी चपलेचा पट्टा नीट करण्यासाठी खाली वाकलो. पट्टा नीटच होता. कंडक्टर ओळखीचा निघाला.

"बाबा, गाव आलं तुमचं! उतरा! झोपले काय?"

सगळी गाडी माझ्याकडे पाहायला लागली. मी मान वर केली तर थांब्यावर आमची बुढी, शेजारच्या बाईबरोबर कोथिंबिरीची जुडी घेऊन उभी. खिडकीची काच अर्थातच उघडी.

"अवो, तुमी तं मालेगावले गेलते नं?"

"गेलतो. आता कारंज्याले चाललो."

"काहून?"

"चाकू पाहाले."

"घरी चार सुऱ्या हायेत!"

"त्या सुऱ्या आहेत."

"मंग चाकू काय वकील आहे काय?"

गाडी हसली. कंडक्टरने घंटी मारायची सोडून तोही हसत उभा राहिला. बुढीने गळ्यातला रुमाल सोडून खिडकीतून माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाली, "कान बांधा." एवढ्या लोकांत मी कान बांधले नाहीत. पुढच्या वळणावर बांधले.

शेलूबाजाराच्या थांब्यावर एक बाई तुरीच्या ओल्या शेंगांचं पोतं घेऊन उतरत होती. पोत्याला नायलॉनची दोरी बांधलेली. तिचं एक टोक दाराच्या बिजागरीत अडकलं आणि दार लागेना. बाई खाली, पोतं पायरीवर, दोरी दारात. ड्रायव्हर ओरडू लागला. कोणी ओढून पाहिलं, कोणी गाठ सोडायला बसलं, कंडक्टरने दातही लावून पाहिले. चाळीस माणसं, चाळीस मोबाईल, आणि हातभर दोरी तोडायला कोणाजवळ काही नाही. त्या बाईने बरोबर माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, तुमच्यासारख्या माणसाजवळ चाकू असते."

मी काय सांगणार? मोडला म्हणालो. शेवटी एका बिडीवाल्याने काडी ओढून दोरी जाळली. काळा वास गाडीभर झाला. बाई जाताना मूठभर शेंगा माझ्या हातात ठेवून गेली. त्या मी सोलून खाल्ल्या, पण गोड लागल्या नाहीत. माणूस म्हातारा झाला तरी चालतो. वेळेला कामाचा नाही झाला तर चालत नाही.

कारंज्याला उतरलो तेव्हा ऊन अंगाला बरं वाटत होतं. कापसाच्या गाड्या एकामागे एक लागलेल्या, रस्त्याच्या कडेला कापूस उडून बाभळीच्या काट्यांना लटकलेला. स्टँडासमोर गरम भजे घेतले, सोबत मीठ लावलेली तळलेली मिरची. मग जैन मंदिराच्या बाजूने चालत जुन्या वेशीपर्यंत गेलो. गाव जुनं, गल्ल्या अरुंद, आणि प्रत्येक माणूस पत्ता सांगताना तुमच्यासोबत दहा पावलं येतो.

चाचाचं दुकान म्हणजे एक लांब बोळ. कुलुपं, बिजागऱ्या, विळे, खुरपी, कात्र्या. आत मेंदीच्या दाढीचा, माझ्याच वयाचा माणूस बसलेला.

"बोलो बाबा, काय पाहिजे?"

"घडीचा चाकू. खटक्याचा नको."

"खटक्याचा मी ठेवतच नाही. पोट्टे येतात, बटन दाबलं की उघडणारा मागतात. मी म्हणतो, पहले ककडी काटके दिखाओ. एकालाही येत नाही."

मला माणूस पटला. त्याने खालून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात पंधरा-वीस चाकू, तेलाच्या कागदात गुंडाळलेले. बोटाएवढं काळ्या लोखंडाचं पातं, साध्या लाकडाची मूठ, पितळेच्या दोन खिळ्या. शंभराच्या आतली वस्तू. पण असा चाकू पाहायचा कसा, ते सांगतो, कारण घरी बसून कोणी सांगणार नाही.

आधी मिटलेला चाकू कानाजवळ धरून हलवायचा. आत पातं खुळखुळलं तर खाली ठेवायचा. मग नखाने पातं उघडायचं. फार सहज उघडलं तर तो खिशात उघडेल आणि मांडी कापेल. फार कडक असला तर नख तुटेल. उघडताना अर्ध्यावर एकदा अडला पाहिजे आणि पूर्ण उघडल्यावर पाठीतल्या पट्टीने 'टक्' म्हटलं पाहिजे. तो आवाज बारीक पण भरलेला हवा. मग पात्याचं टोक धरून डावीकडे-उजवीकडे हलवायचं. मग उजेडाकडे धरून, पातं आणि मूठ यांच्यात उजेड दिसतो का पाहायचं. शेवटी हातावरचे केस. काळं लोखंड गंजतं, हे खरं आहे. पण दगडावर चार वेळा ओढलं की धार येते. चकचकीत पात्याला आठ दिवस घासा, तुमचीच धार जाईल.

सात चाकू पाहिले. चाचा कंटाळला नाही, उलट पुढे सरकून बसला.

"बाबा, लडकी दे रहे हो क्या?"

"पोरगी देताना एवढं पाह्यलं नव्हतं. जावई तसाच निघाला."

आठवा चाकू कानाला गप्प होता. नखाला धरला. माझ्या मनगटावरचे चार पांढरे केस त्याने न विचारता काढले. तो घेतला. चाचाने तेल पुसून, मिटवून माझ्यापुढे फळीवर ठेवला. मी तो बंडीच्या खिशात टाकला. एवढंसं वजन, पण अंग सरळ झालं. बाहेर पडल्यावर वेशीपाशीच एका बाईकडून पेरू घेतला आणि उभ्यानेच चार फोडी केल्या. भूक नव्हती.

ऑटोने पुंडलिकच्या मळ्यावर गेलो. मेथी, वांगी, फूलकोबी, कडेला झेंडू. पुंडलिक बांधावर बिडी पीत बसलेला.

"आला काय, मोठा डॉक्टर?"

"पेशंट कोठी आहे?"

"आधी जेव. पेशंट जाऊन नाही राह्यला पळून."

पुंडलिकची बायको दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगा अकोल्याला नोकरीला. मळा पाहते ती सून, वंदना. तिशीतली, हाताने चपळ, तोंडाने आणखी चपळ. तिने ज्वारीची भाकर, सोल्यांची आमटी (तुरीच्या हिरव्या दाण्यांची) आणि ठेचा वाढला. कांदा मी बुक्कीने फोडला.

"काकाजी, चाकू आणला म्हणता अन् कांदा बुक्कीनं?"

"कांद्याले चाकू लावणं म्हणजे कांद्याचा अपमान आहे, माय. अन् चाकूचाही."

जेवण झाल्यावर विहिरीजवळ गेलो. मी झाडाला एक फेरी मारली. बुडाला डिंकाचे तांबूस ओघळ, एक बाजू काटकी झालेली. वर मात्र तीन फांद्या हिरव्या, आणि त्यांच्यावर पाच-सहा संत्री पिवळी होऊन लटकलेली. पुंडलिक झाडाकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता.

"तिनं जाताना सांगतलं होतं," तो हळू म्हणाला. तिनं म्हणजे त्याच्या बायकोने. "म्हणे, हे झाड जाऊ देऊ नका. मी गेल्या साली भरले तं सारे वायले. आता हे चुकलं तं पुढच्या साली काड्याच नाहीत."

त्या तीन फांद्यांवर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या शोधल्या. एकूण चांगले डोळे मोजले ते बारा. जंबेरीचे (जंगली लिंबाचे) खुंट वंदनाने एका ओळीत तयार ठेवले होते, साल चांगली सुटत होती. सगळं जुळून आलं होतं. आता फक्त माझा हात.

पहिला डोळा कापला आणि पातं कोंबाच्या आतून गेलं. दुसरा डोळा नीट निघाला, पण खुंट जमिनीलगत, वाकलो तर गुडघ्यात कळ आली, आणि सालीचा काप लाकडात शिरला. दोन गेले. बारामधले दोन, आणि दहा उरले. मी म्हटलं, "चाकू नवा आहे. हाताले लागाले वेळ लागते."

"चाकू नवा आहे, हात जुना आहे," पुंडलिक म्हणाला.

"तू बिडी पे."

वंदना म्हणाली, "काकाजी, तुमी पोत्यावर बसून डोये कापा. खाली मी बसतो, खुंट मी कापतो. चाकू एकच आहे तं इकडून तिकडे देऊ."

मला ते आवडलं नाही. मी कोणाच्या मदतीने डोळा भरला नव्हता कधी. पण दहाच होते. बसलो. डोळा कापला, ओल्या फडक्यात ठेवला, आणि चाकू तिच्याकडे केला. तिने हात पुढे केला नाही.

"खाली ठेवा नं, काकाजी."

तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे चाकू हातातून हातात देत नाहीत. दिला तर भांडण होतं म्हणतात. खाली ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा. आमच्या घरात हे नाही. धम्म घेतला त्या वर्षी माझ्या मायने असल्या सगळ्या गोष्टी एका टोपलीत भरल्यासारख्या बाहेर काढल्या. पण पुंडलिकच्या घरचे नियम पुंडलिकचे. मी चाकू उघडाच खाली, वाफ्यात ठेवला. तिने उचलला, पदराने पुसल्यासारखं केलं आणि खुंटाकडे वाकली.

"थांब!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की विहिरीवरचे पारवे उडाले. "पातं दाखव."

पात्यावर ओली माती होती. एवढीशी, नखाच्या मळाएवढी. पण डोळा भरणं म्हणजे जखमेला जखम लावणं. त्यात माती गेली की ती जखम बरी होत नाही, सडते.

"वंदना, गेल्या साली कसे भरले होते तुमी?"

"मामाजी सुरीनं डोया कापत. खाली ठेवत. मी उचलून खुंट कापत, अन् परत खाली ठेवत."

"बाराही वेळा?"

"हाव."

"मातीतच?"

तिने मान हलवली आणि चाकू परत खालीच ठेवला, तो मी उचलला. पुंडलिकची बिडी विझली होती, तो तशीच ओढत होता. वर्षभर त्या माणसाने मनात धरलं होतं की बायको गेली म्हणून झाडाने आपलं घर सोडलं. आणि गोष्ट होती चिमूटभर मातीची.

"म्हणजे झाडाची चूक नव्हती," तो म्हणाला.

"झाड काय करीन त्यात? आता गप हातात द्या चाकू."

"नाही," पुंडलिक म्हणाला. डोळे ओले, पण नाही म्हणाला. "उघडं पातं हातात नाही. तुहं-माहं भांडण लागीन."

"अबे लेका, पन्नास वर्षं आपण भांडूनच राह्यलो! आता कोणतं बाकी आहे?"

"सुनेचं अन् तुहं लागीन. ती मले पायजे."

आता या माणसाशी वाद घालणं म्हणजे विहिरीला ओरडून विचारणं. आपलाच आवाज परत येतो. फडक्यावर ठेवा म्हणावं, तर फडकं एकच, त्यात डोळा. मी डोळा ठेवलेलं फडकं पाहिलं, वाळायला लागेल म्हणून जीव खालीवर. आणि तेव्हा मला माझ्याच हातातली वस्तू दिसली. मी पातं सदऱ्याला स्वच्छ पुसलं, आणि टक् करून मिटवलं.

"पुंडलिक, हे काय आहे?"

"चाकू."

"पातं कोठी आहे?"

"आत."

"दिसते?"

"नाही."

"दिसत नाही तं हे काय राह्यलं? लाकडाचा तुकडा. लाकूड हातात देल्यानं तुह्या घरी भांडण होते काय?"

पुंडलिकने जमिनीकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, बिडी पुन्हा पेटवली.

"लाकूड चालते," तो म्हणाला.

मग काम सुरू झालं. मी डोळा कापायचा, चाकू मिटवायचा, हातात द्यायचा. वंदनाने उघडायचा, साल कापायची, डोळा बसवायचा, पट्टी बांधायची, मिटवायचा, हातात द्यायचा. टक्, टक्. स्वयंपाकाची सुरी असती तर हे झालं नसतं. सुरी मिटत नाही, तिचं तोंड नेहमी उघडं. पुंडलिक प्रत्येक वेळी पातं आत गेलं की नाही हे मात्र वाकून पाहत होता.

चार डोळे असे भरले. पाचव्याला पातं काडीवर नेमकं टेकेना. ऊनही तिरपं झालं होतं, पण मी उन्हाचं नाव घेणार नाही. मी काडी आणि मिटलेला चाकू दोन्ही तिच्या पुढे केले.

"डोयाही तूच काप."

"मी? काकाजी, सहाच उरले."

"म्हणूनच. पातं आपल्याकडे नाही ओढायचं, सरकवायचं. दुधावरची साय काढतो तसं. लाकूड लागलं की लगेच वर."

तिने पहिला काढला. पातळ, ढालीसारखा, मधोमध कोंब. मी उजेडात धरून पाहिला आणि काहीच बोललो नाही. माझ्याकडून शिकणाऱ्या माणसाला काहीच न बोलणं ही मोठी शाबासकी असते, हे तिला माहीत नव्हतं, म्हणून ती घाबरली. दुसरा त्याहून बरा आला. सहाही भरले.

निघताना पुंडलिकने झाडावरची सगळी संत्री काढून माझ्या पिशवीत टाकली. तो म्हणाला, "तो चाकू ठेवून जाय नं इथंच, सुनेसाठी."

"नाही. ज्याचा चाकू त्याच्या खिशात. तिनं आपला पाहून घ्यावा. वेशीजवळ चाचा आहे."

त्याला राग आला असेल. पण चाकू ही अंगठीसारखी वस्तू नाही की काढून दिली. ती ज्याच्या हाताला बसेल त्यानेच निवडावी. संध्याकाळच्या गाडीने परत निघालो. समृद्धीच्या उंच रस्त्यावरून गाड्या सरसर जात होत्या आणि आमची एसटी खालून आपल्या चालीने. शेजारच्या माणसाला संत्रं सोलून दिलं. सालीला चाकूने चार उभ्या रेघा मारल्या की साल फुलासारखी उघडते, हात पिवळे होत नाहीत. मागच्या बाकावरून एकाने औषधाची पट्टी पुढे केली, तिच्यातून एक गोळी कापून द्या म्हणाला. मग एका बाईने पिशवीचा बंद. किन्हीराजा येईपर्यंत मी सबंध गाडीचा माणूस झालो होतो. हेच सुख आहे. लोक म्हणतात, एवढ्याशा चाकूत काय ठेवलं? त्यात काही ठेवलेलं नाही. पण तो खिशात असला की कोणाच्या तरी अडलेल्या कामात आपल्याला उभं राहता येतं, आणि या वयात तेवढी जागा पुरते.

घरी बुढीने चाकू उघडून पाहिला, मिटवला, पुन्हा उघडला.

"टक् म्हणते," ती म्हणाली.

"म्हणाले पायजे."

त्यानंतरचे एकवीस दिवस मी कोणाला काही विचारलं नाही. डोळा धरला की नाही हे देठावरून कळतं. कोंबाशेजारी ठेवलेल्या पानाच्या देठाला बोट लावलं आणि ते गळून पडलं तर डोळा जिवंत. चिकटून राहिलं तर मेला. बाविसाव्या दिवशी सकाळी फोन वाजला. वंदना होती. मागे पुंडलिक काहीतरी मोठ्याने सांगत होता, पण त्याला फोन मिळत नव्हता.

"काकाजी, पट्ट्या सोडल्या. माझ्या चाकूनं सोडल्या. मी पण आणला, चाचाकडून. नऊ पाहले, दहावा घेतला."

"देठ सांग."

"दहापैकी आठ गळले. हिरवेगार डोये."

मी खाटेवर बसलो. आठ झाडं. तिच्या सासूचं झाड जात होतं ते आठ जागी राहिलं.

"तुमच्या चारातले दोन," ती म्हणाली, "अन् माझे सहाही."

"आठही माझेच. चाकू कोणाचा होता?"

"चाकू तुमचा, काकाजी. झाड मामाजीचं. मंग त्यात माझं काय होतं?"

इतक्या वर्षांत मी हे कोणाला म्हटलं नव्हतं, पुंडलिकच्या बापानेही मला कधी म्हटलं नव्हतं.

"हात तुझा, माय," मी म्हणालो, आणि लगेच फोन ठेवून दिला, नाहीतर आणखी काही बोलून गेलो असतो.